एचआयव्हीसह जगणाऱ्या मातेच्या बाळाचे निदान: सहाव्या आठवड्यापासून अठराव्या महिन्यापर्यंत

एचआयव्हीची लागण असलेल्या मातेच्या पोटी जन्मलेल्या प्रत्येक बाळाला लागण होतेच असे नाही. कोणताही औषधोपचार नसेल, तर गर्भावस्था, प्रसूती आणि स्तनपान हे तिन्ही टप्पे धरून शंभरातील १५ ते ४५ बाळांपर्यंत विषाणू पोहोचतो. मातेने एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांच्या गोळ्या नियमित घेतल्या, तिचा विषाणूभार, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, आटोक्यात राहिला आणि बाळाला जन्मल्याबरोबर प्रतिबंधक औषध मिळाले, तर हेच प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे आजच्या घडीला यांतील बहुसंख्य बाळे लागणीपासून दूर राहू शकतात. मात्र ज्या थोड्या बाळांना लागण होते, त्यांच्या हातात वेळ फार कमी असतो. प्रौढ माणूस लक्षणांवाचून कित्येक वर्षे काढू शकतो. बाळाची प्रतिकारशक्ती अजून घडतच असल्याने त्याला ती सवलत नाही. उपचार न मिळालेल्या बाळांपैकी साधारण एक तृतीयांश बाळे पहिल्या वाढदिवसाआधी आणि निम्म्याहून अधिक दुसऱ्या वाढदिवसाआधी दगावतात, आणि त्यांतही दुसरा-तिसरा महिना सर्वांत घातक ठरतो.

दक्षिण आफ्रिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. वयाच्या पहिल्या बारा आठवड्यांत लगेच एआरटी सुरू केलेल्या बाळांमधील मृत्यू, आजार बळावेपर्यंत थांबलेल्या बाळांच्या तुलनेत सुमारे तीन चतुर्थांशांनी घटले होते. औषध तेच होते, फरक फक्त सुरुवातीच्या वेळेचा होता. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, म्हणजे नाकोने, २०१० मध्ये बालकांच्या लवकर निदानाचा कार्यक्रम सुरू केला. ही सेवा आज आयसीटीसी, म्हणजेच एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांमार्फत मोफत मिळते. चाचणी उपलब्ध असूनही बाळ तिच्यापर्यंत पोहोचत नाही किंवा एकदाच पोहोचून पुढे हरवते, ही खरी अडचण आहे. म्हणून हा लेख आशा सेविका, परिचारिका, तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालवणारे डॉक्टर आणि स्वतः आई-वडील यांना समोर ठेवून लिहिला आहे. एक गोष्ट आरंभीच सांगतो: बाळाचे निदान ही एका दिवसाची चाचणी नसून अठरा महिने चालणारी साखळी आहे, आणि तिची पहिली कडी सहाव्या आठवड्यात बसली पाहिजे.

प्रौढांची चाचणी बाळाला का चालत नाही

आयसीटीसीमध्ये प्रौढांसाठी वापरली जाणारी जलद चाचणी विषाणूचा शोध घेत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटिबॉडीजचा शोध घेते. गर्भावस्थेच्या उत्तरार्धात आईचे प्रतिपिंड वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात. इतर अनेक आजारांपासून बाळाचे पहिले काही महिने रक्षण व्हावे, अशी ही निसर्गाची योजना आहे. परंतु त्यांच्याबरोबर एचआयव्हीचे प्रतिपिंडही येतात. त्यामुळे लागण असो वा नसो, अशा बाळाची जलद चाचणी जन्मानंतर रिअॅक्टिव्हच येते. बहुतेक बाळांमध्ये हे उसने प्रतिपिंड नऊ ते बारा महिन्यांत ओसरतात, पण काहींमध्ये अठरा महिन्यांपर्यंत रेंगाळतात. एखाद्या खासगी प्रयोगशाळेने दोन महिन्यांच्या बाळाची प्रतिपिंड चाचणी करून ‘पॉझिटिव्ह’ असा कागद हातात दिला, तर त्यावरून एवढेच कळते की आईला लागण आहे. बाळाबद्दल तो कागद काहीही सांगत नाही. अशा कागदामुळे घरात रडारड होते, बाळाला वेगळे ठेवले जाते, कधी आईलाच घराबाहेर काढले जाते. म्हणून अठरा महिन्यांखालील बाळाच्या केवळ प्रतिपिंड चाचणीवरून पॉझिटिव्ह निदान कोणीही लिहू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

बाळात प्रत्यक्ष विषाणू आहे का, हे पाहण्यासाठी त्याच्या जनुकीय द्रव्याचा शोध घ्यावा लागतो. आपल्या कार्यक्रमात त्यासाठी एचआयव्ही-१ टीएनए पीसीआर ही चाचणी वापरतात. ती विषाणूचा आरएनए आणि पेशींत जाऊन बसलेला डीएनए, दोन्ही पकडते. ही चाचणी लांबच्या प्रयोगशाळेत होत असली, तरी तिच्यासाठी बाळाला तिथे न्यावे लागत नाही. टाचेतून घेतलेले रक्ताचे काही थेंब विशिष्ट कागदावर वाळवून पाठवले जातात. यालाच डीबीएस, म्हणजे वाळवलेल्या रक्तथेंबांचा नमुना म्हणतात.

तयारी बाळंतपणाआधीची

बाळाच्या निदानाची खरी सुरुवात आईच्या गरोदरपणात होते. गरोदर स्त्रीची नोंदणी झाल्याबरोबर एचआयव्ही चाचणी, लागण आढळल्यास त्याच दिवसापासून एआरटीची जोडणी आणि शेवटच्या तिमाहीत, साधारण ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, विषाणूभाराची तपासणी या तीन गोष्टी झाल्या असतील, तर बाळाची जोखीम किती हे जन्माआधीच ठरवता येते. विषाणूभार रक्ताच्या मिलिलिटरमागे १,००० प्रतींच्या वर असेल, आईला एआरटी मिळालीच नसेल किंवा तिची लागण कळा सुरू झाल्यावरच उघड झाली असेल, तर बाळ अधिक जोखमीचे धरतात. एरवी सहा आठवडे नेव्हिरापिन या प्रतिबंधक औषधाचे सिरप देतात. अधिक जोखमीच्या बाळाला दोन औषधे देतात, आणि ते अंगावर पीत असेल तर ती बारा आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात. औषध कोणते आणि किती मिली, हे बाळाच्या वजनानुसार डॉक्टर लिहून देतील. घरच्यांचे काम म्हणजे सिरप रोज ठरावीक वेळी देणे आणि बाळाने ओकून टाकले तर काय करायचे हे आधीच विचारून ठेवणे.

इथे आपल्याकडच्या एका चालीचा विचार करणे भाग आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत महाराष्ट्रात अजून पक्की आहे. नोंदणी सासरच्या तालुक्यात, बाळंतपण माहेरच्या जिल्ह्यात, आणि बाळ तीन महिन्यांचे होऊन परत येईपर्यंत सहावा आठवडा मागे पडलेला, असे वारंवार घडते. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच समुपदेशकाने विचारावे की बाळंतपण कुठे होणार, आणि त्या गावाजवळच्या आयसीटीसीला फोन करून आईची नोंद कळवावी. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी तर हे फारच गरजेचे आहे. कारण टोळी कुठल्या कारखान्यावर जाणार हे मुकादमाला ठाऊक असते, आरोग्य केंद्राला नसते. कारखान्याचे नाव विचारून घेतले, की त्या तालुक्यातले केंद्र शोधणे सोपे होते. हे सगळे आईच्या संमतीने व्हावे, हे वेगळे सांगायला नको.

सहावा आठवडा

चाचणी जन्मल्याबरोबर का करत नाहीत, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. जन्मवेळी केलेली पीसीआर चाचणी फक्त गर्भावस्थेत झालेली लागण पकडते. बरीचशी लागण प्रसूतीच्या वेळी होते, आणि त्या विषाणूला बाळाच्या रक्तात सापडण्याइतके वाढायला काही आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दोन दिवसांत केलेल्या चाचणीतून लागण झालेल्या बाळांपैकी निम्मीसुद्धा सापडत नाहीत. चार ते सहा आठवड्यांनंतर मात्र प्रसूतीपर्यंत झालेली जवळजवळ सर्व लागण दिसू लागते. शिवाय सहाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलेंट आणि पोलिओच्या पहिल्या मात्रेसाठी बाळाला केंद्रावर आणायचेच असते. सव्वा महिना घराबाहेर न पडण्याची प्रथा पाळणाऱ्या घरांतही तोवर बाळंतीण बाहेर पडायला मोकळी झालेली असते. लस आणि डीबीएस एकाच दिवशी उरकले, तर शेजारीपाजारी कोणाला वेगळे काही सांगावेही लागत नाही.

सहा आठवडे उलटून गेले असतील तरी पुढच्या टप्प्याची वाट पाहू नये. बाळ नवव्या आठवड्यात आले तर नवव्या आठवड्यात, चौथ्या महिन्यात आले तर चौथ्या महिन्यात नमुना घ्यावा. नेव्हिरापिन चालू आहे म्हणूनही थांबू नये.

नमुना कसा घ्यावा

आधी समुपदेशन आणि पालकांची लेखी संमती, मग नमुना. कार्डावर बाळाचे नाव लिहीत नाहीत. सांकेतिक क्रमांक आणि नमुना घेतल्याची तारीख लिहितात. कार्ड, मागणीपत्र आणि केंद्राची नोंदवही या तिन्ही ठिकाणी तो क्रमांक अक्षरशः सारखा असला पाहिजे. टोचण्यापूर्वीच तो लिहून घ्यावा, कारण रडणारे बाळ हातात असताना लिहिलेल्या आकड्यांत चुका होतात.

साधारण पाच किलोपर्यंतच्या बाळाचे रक्त टाचेतून, पाच ते दहा किलोच्या बाळाचे पायाच्या अंगठ्यातून आणि त्याहून मोठ्या बाळाचे हाताच्या बोटातून घेतात. टाचेत टोचताना जागा नेमकी निवडावी लागते. तळव्याच्या दोन्ही कडांकडचा मांसल भाग सुरक्षित असतो. टाचेचा मध्य आणि मागचे टोक टाळावे, कारण तिथे हाड वरच असते. बाळाला आईच्या मांडीवर अशा रीतीने धरावे की पाय शरीराच्या खाली लोंबता राहील. पाय गार असेल तर कोमट पाण्यात पिळलेल्या कपड्याने तीन ते पाच मिनिटे शेकावा. एवढ्यानेच अर्धे काम होते. मग स्पिरिटने पुसून जागा पूर्ण सुकू द्यावी. ओल्या स्पिरिटवर टोचले, तर रक्त पातळ होऊन नमुना बिघडतो. बाळांसाठीच्या, सुमारे दोन मिलिमीटर खोल जाणाऱ्या लॅन्सेटने एकदाच, ठामपणे टोचावे. पहिला थेंब कोरड्या गॉजने पुसून टाकावा, कारण त्यात ऊतींतील द्रव मिसळलेला असतो.

त्यानंतर मोठा, लोंबता थेंब तयार होऊ द्यावा आणि कार्डावरच्या छापील वर्तुळाला अलगद टेकवावा, म्हणजे कागद तो स्वतःच शोषून घेतो. एक वर्तुळ एका मोठ्या थेंबाने भरले पाहिजे, आणि कागद उलटून पाहिल्यावर मागच्या बाजूनेही तेवढाच लाल डाग दिसला पाहिजे. छोटे छोटे थेंब एकावर एक टाकू नयेत, टाच पिळू नये, वर्तुळांना बोट लावू नये आणि हातात पावडर नसलेलेच मोजे असावेत. कार्डावरची पाचही वर्तुळे भरण्याचा प्रयत्न करावा. शेवटी गॉजने दाबून रक्त थांबवावे. टोचताना बाळाला अंगावर पाजले तर ते कमी रडते. फक्त दुधाचा थेंब कार्डावर पडणार नाही याची काळजी घ्यावी.

कार्ड वाळवणे ही पायरी बहुतेक केंद्रांत घाईत होते, आणि नमुने वाया जाण्याचे ते एक ठळक कारण आहे. कार्ड आडवे, वर्तुळे कशालाही न टेकता, साध्या खोलीच्या तापमानात किमान चार तास वाळवावे. ऊन दाखवू नये, हेअर ड्रायर किंवा हीटर लावू नये, एकावर एक कार्डे ठेवू नयेत. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर चार तास पुरत नाहीत. तिथे रात्रभर वाळू द्यावे, उंदीर-मुंग्या पोहोचणार नाहीत अशा जागी. ओले रक्त तेजस्वी लाल असते. नीट वाळले की ते गडद तपकिरी दिसू लागते, आणि तोच पाकीट बंद करण्याचा इशारा. मग गुळगुळीत ग्लासिन कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे कार्ड घालून, झिप असलेल्या पिशवीतली हवा काढून ती बंद करावी. आर्द्रता कार्डाचे ठिपके निळ्याचे गुलाबी झाले असतील, तर पुड्या बदलाव्यात. नमुने साठवून ठेवू नयेत. जमले की लगेच पाठवावेत. पश्चिम भारतात अशी चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळांत पुण्याच्या भोसरी येथील, १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे, म्हणजे अनेकांना परिचित असलेल्या ‘नारी’चे नाव अग्रभागी राहिले आहे; आज ती संस्था राष्ट्रीय ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी व एड्स संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते.

पालकांना केंद्रातून निघण्यापूर्वी अहवालाची अंदाजे तारीख आणि विचारणा करण्यासाठी फोन नंबर लिहून द्यावा. नमुना घेतल्यापासून चार आठवड्यांच्या आत अहवाल पालकांच्या हाती पडावा, हे जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट आहे. तो येईपर्यंत पालकांनी गप्प बसून राहू नये. चौथ्या आठवड्यात स्वतः फोन करावा. नमुना नाकारला गेला असेल तर तेही तेव्हाच कळते, आणि लगेच दुसरा घेता येतो.

याच दिवशी आणखी एक औषध सुरू होते: कोट्रायमोक्साझोलचे सिरप. सहाव्या आठवड्यापासून ते रोज द्यायचे, कारण न्युमोसिस्टिस नावाच्या बुरशीमुळे होणारा न्युमोनिया लागण झालेल्या बाळांचा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बळी घेतो, आणि तो आला तेव्हा अहवाल अजून टपालात असू शकतो. म्हणून अहवालाची वाट न पाहता सर्वच बाळांना ते देतात.

अहवाल पॉझिटिव्ह आला तर

पहिली पीसीआर चाचणी पॉझिटिव्ह आली की दोन गोष्टी एकाच वेळी करायच्या: खात्रीसाठी दुसरा डीबीएस नमुना घ्यायचा, आणि त्याच्या अहवालाची वाट न पाहता बाळाला एआरटी केंद्रात नेऊन उपचार सुरू करायचे. अनेकांना हे घाईचे वाटते. ‘दुसरा रिपोर्ट येऊ दे, मग बघू’ हा सल्ला शहाणपणाचा वाटला, तरी बाळाच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. त्या दोन-चार आठवड्यांतच काही बाळे हातची जातात. दुसरीकडे, दुसरा नमुना घेणेही टाळू नये. कारण आता लागणीचे प्रमाण इतके कमी झाले आहे की थोड्या पॉझिटिव्ह अहवालांमध्ये नमुन्यांची अदलाबदल किंवा प्रयोगशाळेत दुसऱ्या नमुन्याचा अंश मिसळल्यामुळे आलेला एखादा चुकीचा अहवाल असण्याची शक्यता वाढते. दोन अहवाल परस्परविरोधी आले, तर तिसरा नमुना पाठवतात आणि निर्णय होईपर्यंत औषध बंद करत नाहीत.

पाच वर्षांखालील मुलांमध्ये सीडी-४, म्हणजे रक्तातील प्रतिकारक पेशी, किती आहेत यावर उपचार अडवायचे नसतात. ती तपासणी करावी, पण औषध तिच्यासाठी थांबवू नये. बाळांसाठी आता डोलुटेग्राविर या एआरटी औषधाच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने चार आठवड्यांपुढील आणि तीन किलोंवरील बाळांसाठी त्यांची शिफारस केली आहे. पूर्वीच्या कडू सिरपपेक्षा त्या देणे आईला कितीतरी सोपे जाते. बाळाचे वजन महिन्याला वाढते, म्हणून प्रत्येक भेटीत वजन करून मात्रा बदलून घ्यावी. जुनीच मात्रा चालू राहिली, तर औषध कमी पडून विषाणू त्याला दाद देईनासा होतो.

अहवाल निगेटिव्ह आला तर

पेढे वाटावेसे वाटतील असा हा क्षण, आणि साखळी सर्वाधिक वेळा तुटते तीही इथेच. सहाव्या आठवड्यातील निगेटिव्ह अहवालाचा अर्थ इतकाच की प्रसूतीपर्यंत लागण झालेली नाही. स्तनपान चालू असेपर्यंत लागण होण्याची शक्यता राहते. शिवाय बाळ अधिक जोखमीच्या गटातले असून दोन औषधे घेत असेल, तर ती औषधे विषाणूला इतके दाबून ठेवू शकतात की चाचणीत तो दिसत नाही. म्हणून समुपदेशकाने ‘निगेटिव्ह आहे’ एवढेच न म्हणता ‘आजवर निगेटिव्ह आहे, पुढची चाचणी अमुक महिन्यात’ असे म्हणावे आणि माता व बाल संरक्षण कार्डावर पुढची तारीख लिहावी. तिथे नुसती तारीखच लिहावी. कार्ड घरातले सगळे पाहतात.

स्तनपानाबद्दल घरोघरी गोंधळ असतो, म्हणून इथे जरा थांबतो. आई एआरटी नियमित घेत असेल, तर पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, असाच सल्ला आहे. निव्वळ म्हणजे पाणी नाही, मध नाही, वरचे दूध नाही आणि बाळघुटीही नाही. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरडशेंग उगाळून दिलेल्या घुटीने बाळ सुदृढ होते, अशी आजीची श्रद्धा असते आणि तिच्या मायेबद्दल शंका नाही. पण सहा महिन्यांखालील बाळाच्या कोवळ्या आतड्याला अशा गोष्टींनी बारीक इजा होते, आणि त्यावर आईच्या दुधातला विषाणू आत शिरायला वाट मिळते. अंगावरचे आणि वरचे असे मिश्र पाजणे सर्वांत धोक्याचे. हे आजीला सांगायचे असते तेव्हा एचआयव्हीचा उल्लेख करण्याची गरज नसते. ‘डॉक्टरांनी सहा महिने फक्त अंगावरचे सांगितले आहे’ हे वाक्य पुरते, आणि ते कोणत्याही बाळाला लागू आहे. सहा महिन्यांनंतर वरणाचे पाणी, मऊ भात, नाचणीचे सत्त्व सुरू करून स्तनपान चालू ठेवता येते. मात्र ते एकदम तोडू नये. महिनाभरात हळूहळू कमी करावे.

सहावा महिना ते अठरावा महिना

पुढच्या ठरलेल्या चाचण्या सहाव्या आणि बाराव्या महिन्यात होतात. सहा महिन्यांपुढच्या बाळाच्या बाबतीत केंद्रावरची प्रतिपिंड चाचणीही उपयोगी पडू लागते, कारण आईचे प्रतिपिंड ओसरायला सुरुवात झालेली असते. ती रिअॅक्टिव्ह आली तर डीबीएस पाठवून विषाणूचा शोध घ्यावाच लागतो. कोणत्या भेटीला कोणती चाचणी, याचा तक्ता वेळोवेळी सुधारला जातो आणि केंद्रातल्या भिंतीवर लावलेला असतो, तोच पाळावा. स्तनपान थांबले, की त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी आणखी एक चाचणी आवश्यक असते, मग बाळाचे वय काहीही असो.

ठरलेल्या तारखांच्या मध्येही चाचणी करण्याची काही कारणे असतात. तोंडात दह्यासारखा पांढरा थर जो पुसून निघत नाही, पुन्हा पुन्हा होणारा न्युमोनिया, चौदा दिवसांहून लांबलेले जुलाब, वाढीच्या आलेखावर सपाट झालेली किंवा खाली उतरणारी रेषा, मान धरणे-बसणे यात दिसणारा उशीर, काखेत-मानेत गाठी, फुगलेले पोट: यांपैकी काहीही दिसले तर आधीचा निगेटिव्ह अहवाल बाजूला ठेवून नवा नमुना पाठवावा. वजनाची रेषा तर बाकी सर्व लक्षणांच्या आधी बोलते. अंगणवाडीतल्या वजनकाट्यावर बाळ महिन्याला वाढत नसेल, तर एवढ्यावरूनही चाचणी करणे योग्यच ठरेल.

अठराव्या महिन्यात निदान पक्के होते. आधीच्या सर्व चाचण्या निगेटिव्ह असल्या तरी आता वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या तीन प्रतिपिंड चाचण्या करून बाळाला एचआयव्हीमुक्त असल्याचे सांगतात, आणि स्तनपान संपून तीन महिने झालेले असतील तर कोट्रायमोक्साझोल थांबवतात. स्तनपान चालूच असेल, तर हा निर्णय पुढे ढकलतात.

एआरटीवर असलेल्या बाळासाठी मात्र एक इशारा महत्त्वाचा आहे. अगदी लवकर उपचार सुरू झालेल्या बाळाच्या शरीराला स्वतःचे प्रतिपिंड तयार करण्याची संधीच मिळत नाही, म्हणून अठराव्या महिन्यात त्याची प्रतिपिंड चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. ‘बाळ बरे झाले’ असा अर्थ काढून औषध बंद करणे हा घोर प्रमाद ठरेल. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात २०१० मध्ये जन्मलेल्या एका मुलीला जन्मानंतर सुमारे तीस तासांत औषध सुरू झाले होते. पुढे ते बंद पडले, तरीही विषाणू दिसत नव्हता म्हणून ती बरी झाल्याची बातमी २०१३ मध्ये जगभर गाजली. औषधाविना दोन वर्षांहून अधिक काळ गेल्यावर २०१४ मध्ये विषाणू परत रक्तात आढळला. पीसीआरने खात्री झालेले निदान प्रतिपिंड चाचणीने पुसले जात नाही.

नेहमीच्या वाटेत न बसणारी बाळे

सोडून दिलेल्या किंवा दत्तक संस्थेत आलेल्या बाळाच्या आईविषयी काहीच माहिती नसते. अशा वेळी प्रतिपिंड चाचणी उपयोगी पडते: ती रिअॅक्टिव्ह आली तर आईला लागण होती हे कळते आणि बाळाचा डीबीएस नमुना पाठवायचा असतो. तान्ह्या बाळाची ती निगेटिव्ह आली, तर संपर्काची शक्यता फारच कमी उरते. मात्र आईला गरोदरपणाच्या अखेरीस नवी लागण झाली असेल, तर प्रतिपिंड तयार होण्याआधीच बाळ जन्मलेले असू शकते. हाच प्रश्न गरोदरपणात निगेटिव्ह असलेल्या पण स्तनपानाच्या काळात लागण झालेल्या आईबाबत येतो. नव्या लागणीत विषाणूभार फार जास्त असल्यामुळे तिच्या बाळाला जोखीम मोठी असते. नवरा पॉझिटिव्ह असेल, तर स्तनपान देणाऱ्या आईची चाचणी पुन्हा करावी.

एचआयव्ही-२ ही वेगळी जात पश्चिम भारताला अनोळखी नाही. भारतातले तिचे पहिले रुग्ण १९९१ मध्ये मुंबईतूनच नोंदले गेले. टीएनए पीसीआर एचआयव्ही-१ चा शोध घेते, आणि नेव्हिरापिन एचआयव्ही-२ वर काम करत नाही. म्हणून आईला फक्त एचआयव्ही-२ असेल तर बाळाचे प्रतिबंधक औषध वेगळे द्यावे लागते आणि पीसीआरच्या निगेटिव्ह अहवालावर विसंबून चालत नाही. बाळाला डॉक्टरांच्या देखरेखीत ठेवून अठराव्या महिन्यातील प्रतिपिंड चाचणीने निर्णय होतो.

पीसीआरचा अहवाल हाती नाही आणि बाळ अत्यवस्थ आहे, अशी वेळही येते. प्रतिपिंड चाचणी रिअॅक्टिव्ह असून तोंडातली बुरशी, तीव्र न्युमोनिया आणि तीव्र जंतुदोष यांपैकी दोन गोष्टी असतील, किंवा एड्समध्येच दिसणारा एखादा आजार असेल, तर लागण आहे असे गृहीत धरून डॉक्टर उपचार सुरू करू शकतात. आईचा नुकताच एचआयव्हीशी संबंधित आजाराने मृत्यू झाला असेल किंवा बाळाचे सीडी-४ वीस टक्क्यांच्या खाली असतील, तर या गृहीतकाला बळ मिळते. औषध सुरू करण्यापूर्वी डीबीएस मात्र घेऊनच ठेवावा.

गोपनीयता

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, आणि अहवालाची माहिती सांभाळणे ही सेवा देणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे. बाळाच्या बाबतीत ही जबाबदारी दुहेरी होते. कारण बाळाचा अहवाल फुटला की आईचाही फुटतो. आशा ताईने घरी जाताना ‘एचआयव्हीची तारीख आली’ असे कधीही म्हणू नये. ‘लसीची तारीख आली’ पुरेसे आहे. आईचा फोन नवऱ्याकडे किंवा दिराकडे असतो, तेव्हा फोन कोण उचलेल हे आधीच विचारून नोंदवहीत लिहून ठेवावे. जवळचे केंद्र माहीत नसेल, तर नाकोच्या १०९७ या मोफत हेल्पलाइनवर फोन करून जवळच्या आयसीटीसीचा आणि एआरटी केंद्राचा पत्ता विचारता येतो.